साबुदाण्याच्या पिशवीतलं वझें

वझें पाटल्यांतून न्यायचं की पिशव्यांतून, यावरून पेडण्याच्या त्या घरात सकाळपासून वाजत होतं. शेवंतीबाईंनी बाजारातून बांबूच्या नव्याकोऱ्या पाटल्या, म्हणजे टोपल्या, आणून, पुसून, ओसरीवर ओळीनं मांडल्या होत्या. गोकुळदासांनी त्या एकात एक घालून खाटेखाली सारल्या आणि त्यांच्या जागी आपल्या पिशव्यांचा गठ्ठा आणून ठेवला.

"चेडवाची पयली चवथ," शेवंतीबाई म्हणाल्या. "माझ्या आवशीन माझा वझां पाटल्यांतूनच धाडलेला. पिशयेतून काय नेतास, बाजार करून इल्यासारख्या?"

"पाटली सगळेच धाडतत. ही पिशवी मुळगावात कोणी बघूक नाय. वाड्यारच्या घराघरात एक एक गेली म्हणजे आपोआप जाहिरात झाली."

"चेडवाचा वझां धाडतास की दुकानाची जाहिरात करतास?"

"दोनय," गोकुळदास म्हणाले. त्यांना त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं.

आता वझें म्हणजे नुसतं ओझं नव्हे. लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माहेराहून सासरी फळं, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचं सामान आणि गोडधोड जातं, ते वझें. सासरच्यांनी ते एकट्यानं खायचं नसतं. आधी देवापुढे ठेवायचं, मग वाड्यावर, म्हणजे आसपासच्या घरांत, वाटायचं, आणि मग सगळा वाडा ते चघळत नव्या सुनेची किंमत करतो. लाडू मऊ लागला तर सून गुणाची, कडक लागला तर तोंडाळ, आणि वाट्याला कमी आला तर माहेर चिकट. इतक्या थोड्या पुराव्यावर इतका मोठा निकाल कुठल्याही कोर्टात लागत नसेल.

गोकुळदासांचा सगळा जन्म पेडण्याच्या बाजारात प्लास्टिकच्या पिशव्या विकण्यात गेला होता. त्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा बाकीचे दुकानदार त्या गल्ल्याखाली लपवून विकू लागले. गोकुळदास मात्र कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले ते नवा गुरू केल्यासारखे. तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी एक शेड भाड्यानं घेतली आणि एक जुनं यंत्र आणून बसवलं. साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्या कंदाचं पीठ, आणि उसाच्या साखरेपासून केलेले प्लास्टिकसारखे दाणे, हे दोन्ही तापवून एकजीव केले की यंत्राच्या तोंडातून दुधी रंगाची फुगीर नळी वर चढायची. तिच्याच पिशव्या कापायच्या. नुसत्या पिठाची पिशवी पापडासारखी तडकते आणि नुसत्या दाण्यांची परवडत नाही, म्हणून दोघांचा संसार लावून द्यायचा, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत. पिशवी वापरून झाली की मातीत पुरायची, काही महिन्यांत तिची माती होते.

पिशवीचं नाव त्यांनी 'मातीमोल' ठेवलं होतं. मातीला मिळते आणि तरी मोलाची आहे, असा त्यांचा हिशेब. शेवंतीबाईंनी त्या शब्दाचा जगात चालणारा अर्थ सांगून पाहिला, पण तोवर हिरव्या शाईत छापून झालं होतं. दुकानात बायका पिशवी हुंगून विचारायच्या, "साबुदाण्याची मगे? उपासाक चलात?" त्यावर गोकुळदास छातीवर हात ठेवून सांगायचे, "गोरवान खाल्ली तरी काय जाणा नाय."

"गोरवाक इचारलास?" असं शेवंतीबाई आतून विचारायच्या.

त्या दिवशी मात्र शेवंतीबाईंना विनोद सुचत नव्हता. आदल्याच दिवशी मुळगावहून सेजलचा फोन आला होता. सेजल मे महिन्यात लग्न होऊन तिथे गेली. नवरा निहार भला होता, घर भरलेलं होतं, पण सासू कमलाक्षी म्हणजे कमी बोलणारी आणि सगळं बघणारी बाई. इतक्या महिन्यांत तिनं सुनेला भाजी चिरू दिली, भांडी लावू दिली, पण गोडाच्या कढईला हात लावू दिला नव्हता.

"आई, ह्या वझां तेवढा बरा जावंदे," सेजल फोनवर हळू आवाजात म्हणाली होती. "मांय काय बोलणा नाय, पण ती बघता. माका त्या घरात जरा मान वर करून वावरूक होयो."

म्हणून शेवंतीबाईंनी कळ्यांचे, म्हणजे बुंदीचे, लाडू स्वतःच्या हातांनी वळले होते. पाक असा जमला होता की लाडू बोटांत धरला तर आकार ठेवायचा आणि जिभेवर ठेवला तर सुटायचा. फक्त शेवटचा घाणा उतरायला दुपार झाली, आणि बाहेर टेंपो येऊन उभा राहिला तेव्हा लाडू चांगलेच ऊन होते.

"जरा निवांदेत," शेवंतीबाई म्हणाल्या.

"दिवेलागणीच्या आधी पोचाक होया. भरा."

"पिशयेर काय लिवला हा तां वाचा एकदा."

पिशवीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'गरम पदार्थ घालू नयेत' असं छापलेलं होतं. ते वाक्य गोकुळदासांनीच लिहून दिलं होतं. त्यांनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि ते म्हणाले, "तां गिरायकांसाठी."

टेंपो चालवायला जयवंत होता. मूळचा गडहिंग्लजकडचा, शेडमधलं यंत्रही तोच चालवायचा आणि मालकावर त्याची फार भक्ती होती. पाऊस भुरभुरत होता आणि टेंपोच्या मागची ताडपत्री दोन ठिकाणी फाटलेली होती. जयवंतनं काकड्या, नारळ, भोपळे आणि माटोळीच्या सामानाच्या पिशव्या मागे लावल्या. ऊन लाडवांच्या पिशव्या रचलेला खोका मात्र त्यानं पोटाशी धरून पुढे आणला आणि केबिनमध्ये, इंजिनाच्या झाकणावर, अलगद ठेवला.

"लाडू भिजायचं न्हाईत, मालक," तो म्हणाला. "हितं कसं उबदार हाय."

"बरा केलंस," गोकुळदास म्हणाले. या दोन शब्दांचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला.

धारगळचा चढ गेला, कोलवाळचा पूल गेला. गोकुळदास मुळगावात पिशवीबद्दल काय काय सांगायचं याची मनात उजळणी करत होते. अस्नोड्याच्या जवळ शेवंतीबाईंनी नाक वर केलं.

"पापड भाजल्यासारखो वास येता."

"कोणाच्या तरी घरातसून येत असतलो."

"हो वास आपल्या टेंपोत येता."

जयवंतनं टेंपो बाजूला घेतला आणि खोक्याचं झाकण उघडलं. मग त्यानं आत हात घालून चाचपून पाहिलं.

"मालक," तो शेवटी म्हणाला, "पिशव्या कुठं गेल्या?"

पिशव्या कुठेही गेल्या नव्हत्या. इंजिनाची धग खालून आणि लाडवांची वाफ आतून, अशी दुहेरी ऊब मिळाल्यावर त्या आक्रसून लाडवांच्या अंगाला बसल्या होत्या. नीट मापं घेऊन शिवल्यासारख्या बसल्या होत्या. प्रत्येक लाडू काचेसारखा चकाकत होता. एकावर हिरव्या अक्षरांत 'माती' आलं होतं, शेजारच्यावर 'मोल', आणि कोपऱ्यातल्या एकावर 'गरम पदार्थ घालू' एवढंच. गोकुळदासांनी एका लाडवाचं साल नखानं ओढून पाहिलं. साल निघालं, पण येताना अर्धा लाडू घेऊन आलं.

शेवंतीबाई काही बोलल्या नाहीत. बायको बोलते तोवर सगळं ठीक असतं, हे गोकुळदासांना संसाराच्या अनुभवानं माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांना घाम फुटला.

"धुवून काढू या का?" जयवंतनं विचारलं.

"लाडू?" शेवंतीबाई म्हणाल्या. जयवंत स्टिअरिंगकडे बघू लागला.

अस्नोड्याच्या तिठ्यावर मिठाईचं एक दुकान होतं. गोकुळदास पावसातून धावत गेले. दुकानदारानं त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मान हलवली. "चवथीच्या आदल्या दिसा कळ्यांचे लाडू सोदतात? सकाळींच सोंपले. शेव आसा. हाडूं?" वझ्यात लाडवांच्या जागी शेव नेणं म्हणजे लग्नात अक्षतांऐवजी भात टाकणं. गोकुळदास भिजून परत आले.

"विहीणबायक बाजूक घेवन सांगतंय," ते म्हणाले. "खरां ता सांगून टाकूचा. वाटूच्या आदी सांगला म्हणजे झाला."

"सांगा," शेवंतीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. गोकुळदासांना त्या क्षणी आपलं यंत्र, शेड आणि मातीमोल, सगळं घेऊन मातीत शिरावंसं वाटलं.

मुळगावच्या घरापुढे मांडव घातला होता आणि बाल्कांवात, दारापुढच्या बसायच्या ओट्यांवर, वाड्यातली माणसं जमलेली होती. वझें यायचं म्हटलं की तिथे आमंत्रण लागत नाही. निहार छत्री घेऊन पुढे आला, आणि जयवंतनं उत्साहानं मागच्या पिशव्या एका हातात तीन, दुसऱ्या हातात तीन अशा उचलून पायऱ्या चढायला सुरुवात केली.

ज्या पिशव्यांना धग लागली नव्हती त्यांना पेडण्यापासून पाणी लागत आलं होतं. तिसऱ्या पायरीवर पहिलीचा तळ गेला. मागोमाग बाकीच्यांनीही तिचा कित्ता गिरवला. काकड्या पायऱ्यांवरून घरंगळत लाल चिखलात गेल्या, एक नारळ तुळशीपर्यंत पोचला, आणि भोपळा कमलाक्षीचे धाकटे दीर महादेव यांच्या पायावर येऊन थांबला. जयवंतच्या हातात पिशव्यांच्या मुठी तेवढ्या उरल्या.

महादेवांनी भोपळा उचलला, जयवंतच्या हातातली एक मूठ घेऊन उजेडाकडे धरली.

"व्याही, हे पिशवेक बूड ना काय?"

"मातीत विरघळता ती," गोकुळदास म्हणाले.

"माती तर अजून दोन हात सकयल आसा," महादेव पायरीखाली बोट दाखवत म्हणाले.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दारात सेजल उभी होती. ती हसली नाही. तिनं बापाकडे असं बघितलं की गोकुळदासांनी खाली वाकून उगाच काकड्या गोळा करायला घेतल्या. त्या धुऊन आणीपर्यंत घात झाला होता. कमलाक्षी स्वतः येऊन लाडवांचा खोका उचलून आत घेऊन गेली होती.

"विहीणबाय," गोकुळदास दारापाशी जाऊन म्हणाले, "माका तुमच्याकडे जरा बोलूचा होता. एकांतात."

"पयलीं पाय धुवात, व्याही. च्या घेयात." कमलाक्षीनं आतूनच सांगितलं.

त्यांनी पाय धुतले. चहा आला. चहा देणाऱ्या सेजलला त्यांनी हळूच म्हटलं, "बाय, लाडू वाटूक देव नको गो. त्येंका माझी पिशवी चिकटली हा."

सेजलचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, काय सांगतास?"

"मांयक सांग. आताच सांग."

"मांयन देवाकडचा दार लावन घेतला हा. वझां दाखयता. त्या वेळार कोणी हाक मारूची नाय." तिनं बंद दाराकडे पाहिलं. "माझी पयलीच चवथ, बाबा."

दार उघडलं ते थेट ताट बाहेर घेऊनच. पितळेचं मोठं ताट, त्यात लाडवांची रास, आणि प्रत्येक लाडू दिव्याच्या उजेडात काचेसारखा चकाकत होता. गोकुळदास खांबाशी खुर्चीवर बसले होते तिथून त्यांना तेवढीच चकाकी दिसली. कमलाक्षीनं ताट फिरवलं. सगळ्यांनी एक एक लाडू घेतला. "व्याह्यांनी हाडला, खायात," एवढंच ती म्हणाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

वाडा खाऊ लागला आणि बोलायचा थांबला. नुसता कडाकड आवाज येत होता. एका म्हातारीनं लाडू तोंडातून काढून उलटा करून पाहिला आणि परत तोंडात घातला. कोणी गालात ठेवला, कोणी दाढेखाली सरकवला. गोकुळदास एकेका तोंडाकडे बघत होते. गुरांना चालते, गुरांना चालते, असं त्यांनी मनाला दहादा बजावलं, पण समोर गुरं नव्हती, लेकीचं अख्खं सासर होतं. शेवंतीबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

एवढ्यात महादेवांनी जोर लावून लाडवाचा तुकडा मोडायला मान मागे घेतली. मान मागे आली, लाडू हातात राहिला, आणि कवळी लाडवात राहिली. महादेव तोंडाचं बोळकं मिटून लाडवाकडे बघत राहिले. लाडू दात विचकून त्यांच्याकडे बघत होता.

गोकुळदासांना आता राहवेना. ते उठून उभे राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची हे त्यांना ठाऊक होतं, पण माणसांचा जीव गेल्यावर सव्वा लाख काय करायचे?

"खाव नकात," ते म्हणाले. "कोणी खाव नकात. लाडवांका प्लास्टिक चिकटलां हा. माझ्या पिशयेचा. इंजनाच्या धगीन विरघळला. चूक माझी, माझ्या चेडवाची नाय. तिच्या आवशीन लाडू बरे केलेले. मीच गरम गरम भरूक लायलय. तिका कोणी काय बोलू नकात."

अर्धे चावलेले लाडू तोंडातल्या तोंडात थांबले. म्हातारीनं आपला लाडू पुन्हा बाहेर काढला.

कमलाक्षी दारातून पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं.

"व्याही," ती म्हणाली, "तुमचे लाडू भितर देवाकडे झांकून दवरल्यात. खोको उगडलो तेन्नाच म्हाका दिसलें. लाडवाचेर नांव छापिल्लें आसा, तें वाचून कोणाकय कळटलें. सुनेची पयली चवथ. वाड्यान हांसचें न्हय म्हणून हांवें ताट बदललें." ती थांबली. "हे लाडू म्हजे. म्हज्या हातचे."

गोकुळदासांनी महादेवांच्या हातातल्या लाडवाकडे नीट पाहिलं. त्याच्यावर कुठेही हिरवं अक्षर नव्हतं. ती नुसत्या पाकाची चकाकी होती, जास्त आटवलेल्या, दगड झालेल्या पाकाची. म्हणजे त्यांची अब्रू या बाईनं न बोलता, न सांगता केव्हाच झाकली होती, आणि त्यांनी ती स्वतःच्या हातानं उघडून, वर तिच्या हातच्या लाडवांना भर वाड्यात प्लास्टिक म्हटलं होतं. सेजलनं तोंडावर हात ठेवला. तिचे डोळे म्हणत होते, संपलं.

आणि वाडा तर त्याहून घाबरला होता. कमलाक्षीचे लाडू कडक असतात, हे मुळगावात लहानथोरांना माहीत होतं. ती सून म्हणून आली त्या वर्षापासून ते दर चवथीला घरोघर जात, माणसं ते निमूट घेत आणि मागच्या दारी फोडून कढत दुधात घालत. पण तिच्या तोंडावर तसं म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. ते आज पेडण्याच्या एका व्याह्यानं, काही माहीत नसताना, उभं राहून म्हटलं.

कमलाक्षीनं ताटातला एक लाडू उचलला. स्वतः केलेलं गोड ती कधी खात नसे, साखरेचा त्रास होता. तिनं चावा घेतला. मग बाजू बदलून घेतला. तिचा जबडा बराच वेळ चालू होता. शेवटी तिनं लाडू ताटात ठेवला. ठेवताना ठणकन आवाज झाला.

"तुमची पिशवी बरी, व्याही," ती म्हणाली. "ती निदान विरघळटा तरी."

पहिल्यांदा महादेव हसले, बिनदातांचे, खांदे हलवत. मग म्हातारी हसली, मग सगळा मांडव हसत सुटला. इतक्या वर्षांचं हसू साठलेलं होतं, ते लवकर थांबेना. कमलाक्षी हसली नाही, पण तिनं सुनेकडे मान वळवली.

"सेजल, भितरल्या एका लाडवाचें साल काडून हांवें चाखून पळयलें. तसो पाक तुका येता?"

"येता, मांय," सेजल कसंबसं म्हणाली. "आईन शिकयला हा."

"मागीर फाल्यां देवाच्या नैवेद्याचो पाक तूं कर. हांव बाजूक बसून पळयतां."

सेजलनं मान डोलावली, आणि मग ती वर केली. शेवंतीबाईंनी पदरानं डोळे टिपले. गोकुळदास अजून उभेच होते. विहिणीचे आभार मानावेत, क्षमा मागावी, आणि जमलंच तर पिशवीवर गरम पदार्थ न घालण्याबद्दल काय लिहिलंय तेही वाड्याला नीट समजावून सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी घसा खाकरला.

शेवंतीबाईंनी त्यांचा शर्ट मागून धरून खाली ओढला.

"बसा," त्या हळूच म्हणाल्या. "आणि आता आणखी काय खरां सांगू नकात."